लाभ, दोन, तीन

१

रविवारी सकाळी सहाच्या बसमध्ये वंदनाला खिडकीची जागा मिळायची. फाट्यावर उतरलं की केळीच्या बागांमधून पंधरा मिनिटं सपाट रस्ता, मग पाऊण तास चढ. वर जुन्या काळच्या टेहळणीच्या चौकीचा नुसता चौथरा उरला होता, म्हणून त्या डोंगरालाच सगळे चौकी म्हणत. चौथऱ्याच्या उत्तरेला चार पावलं खडक आणि मग दरी. दरीपलीकडे सातपुड्याच्या रांगा, एकीमागे एक, प्रत्येक मागची पुढचीपेक्षा फिकट.

ऑक्टोबर लागला की त्या रांगांवरून शिकारी पक्षी येतात. ससाणे, भोवत्ये, गरुड. ऊन तापलं की गरम हवेबरोबर गोल गोल वर चढतात आणि मग पंख ताठ धरून, तापीचं खोरं ओलांडून दक्षिणेला निघून जातात. ते कुठून निघतात आणि कुठे पोचतात हे तिच्या मुलाला, चेतनला, ठाऊक होतं. वंदनाला फक्त किती गेले ते लिहायचं होतं.

तक्ता चेतननंच आखलेला. डावीकडे पक्ष्यांची नावं, वरती तास, सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत. नावांच्या शेवटी ‘अनोळखी’ अशी एक ओळ आणि उजव्या कडेला तासागणिक शेऱ्याचा रकाना.

भिकन तिच्या आधी येऊन चौथऱ्याच्या कडेच्या दगडावर बसलेला असायचा. सत्तरी ओलांडली होती, पण दुर्बिणीतून वंदनाला जे दिसायला वेळ लागे ते तो नुसत्या डोळ्यांनी सांगायचा. उमेदीत तो मंडीत मापाडी होता. पायलीनं धान्य मापायचं आणि मोठ्यानं आकडा बोलायचा. लिहिणारा मुनीम वेगळा. काटे आले, पायली गेली, तसा तो केळीचे घड ट्रकमध्ये चढवताना मोजायला लागला. जन्मभर त्यानं बोलायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. चेतनला नेमका असाच माणूस हवा होता.

“लाभ,” आठ वाजले की भिकन म्हणायचा.

मापाडी ‘एक’ म्हणत नाहीत. एक म्हटलं की रास तिथंच खुंटते, असं मानतात. म्हणून पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. हे वंदनाला लहानपणापासून माहीत होतं. पण पहिल्या रविवारी तो लाभ म्हणाला तेव्हा तिनं दुर्बीण सगळीकडे फिरवली, आणि आभाळ रिकामं होतं. पाच मिनिटांनी डावीकडून एक भोवत्या आला.

“दोन,” भिकन म्हणाला.

मग तीन ससाणे. “तीन, चार, पाच.”

पक्षी चार आणि आकडा पाच. वंदना पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. तिनं मनाशी उलगडा केला की म्हातारा लाभ देवाच्या नावानं सोडतो आणि खरं मोजायला दोनपासून लागतो. तास बदलला की तो पुन्हा लाभपासून सुरू करायचा, म्हणून त्या दिवसापासून दर तासाच्या आकड्यातून ती एक वजा करायला लागली. त्याला काही बोलली नाही. या वयात कुणाची सवय कशाला मोडायची?

२

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, एका सोमवारी, अकरानंतर कधीतरी चेतन त्या चौथऱ्यावरून दरीत गेला. तो पडला, की त्यानं उडी मारली?

पंचनाम्यात ‘पाय घसरून’ असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं ते शब्द लिहिण्याआधी तिच्याकडे एकदा पाहिलं होतं, त्यामुळे तिचा त्या शब्दांवर विश्वास नव्हता. दहाव्याला तापीच्या राजघाटावर कावळा पिंडाला शिवेना. दोन तास सगळे उन्हात बसले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पायऱ्यांवर चुलत जाऊ कविता शेजारणीला म्हणाली, “मायलेकाचं बोलणं बंद होतं म्हणे,” आणि आवाज बारीक करायला विसरली.

बोलणं बंद होतं हे खरंच. बँकेच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं आणि त्या तारखेला चेतन डोंगरावर पक्षी मोजत बसला होता. संध्याकाळी तो परतला तेव्हा वंदना दारातच उभी होती. “तू मला मेलास,” एवढंच ती म्हणाली. पुढचे आठ दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट वाढून झाकून ठेवायची आणि आत जाऊन मुलांच्या वह्या तपासायची. त्यानं दोनदा दाराशी येऊन “आई” म्हटलं. तिनं लाल पेन थांबवलं नाही. नववा दिवस सोमवार.

यंदा ऑक्टोबरात तिनं बुटांची जोडी आणली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, दत्तात्रयनं, विचारलं, “तिथं जाऊन आता काय भेटणार आहे?” तो नगर निगममध्ये बाबू होता. दोन वर्षांत घरात त्याचा आवाज फायली सरकवल्यासारखा यायला लागला होता.

“त्याचं काम अर्धं राहिलंय.”

“काम?” तो म्हणाला. “तो होता तेव्हा तू त्याला काम म्हणत नव्हतीस. रिकामटेकडेपणा म्हणायचीस.”

ती बुटाची नाडी बांधत राहिली.

खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या सोमवारी डोंगरावर दुसरा माणूस एकच होता. भिकननं पोलिसांना सांगितलं होतं, “मी मान खाली घालून बसलो होतो साहेब. पाहिलं नाही.” ते वाक्य खरं की खोटं, एवढंच विचारायला ती डोंगर चढत होती. पण पाच रविवार झाले तरी तिची जीभ उचलली नव्हती. आणि पाच रविवारांत त्यानंही तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. चहा द्यायचा तरी कप दगडावर ठेवून हात मागे घ्यायचा.

३

यंदा दिवाळी उशिरा होती. सुट्टीत पुण्याहून अनिकेतचा फोन आला. तो चेतनचा मित्र. ठिकठिकाणच्या अशा मोजण्या तो एकत्र करून अहवाल लिहायचा.

“काकू, तुमचे तक्ते एकदम क्लीन आहेत. खरंच थँक्यू. पण चेतनच्या तक्त्यांबद्दल विचारायचं होतं. रागावू नका.”

“विचार.”

“त्याच्या तिन्ही सीझनमध्ये अनोळखीच्या ओळीत दर तासाला एक पक्षी आहे. दर तासाला, काकू. धुकं असो, पाऊस असो, बाकी सगळ्या ओळी शून्य असोत, तिथं एक आहेच. तुमच्या तक्त्यांत तसा एकही नाही.”

“मग?”

“निसर्ग इतका नेमाचा नसतो.” तो म्हणाला. “मला वाटतं, त्याचं मन तेव्हा थाऱ्यावर नसावं. आपल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला ती तीन वर्षं अहवालातून काढावी लागतील.”

वंदनानं फोन ठेवला. समोर करंज्यांचा डबा उघडा होता. शेजारणीनं आणून दिलेल्या. या घरात दोन वर्षं काही तळलं नव्हतं.

तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, की अनोळखीच्या ओळीतला चेतनचा एक आणि तिनं दर तासाला वजा केलेला एक, हे दोन्ही एकच होते. दुसरी, की तो एक खरा असेल, तर तिचा मुलगा शहाणा होता, जे दिसलं ते लिहीत होता, आणि त्याचा पाय घसरला. तो खोटा असेल, तर पोराचं डोकं फिरलेलं होतं आणि त्या डोक्यावर तिनं आठ दिवसांचा अबोला ठेवला. गणित एवढं साधं होतं. उत्तर तिला दोन वर्षं मिळत नव्हतं.

४

दुपारी तिनं ट्रंकेतून चेतनचे जुने तक्ते काढले. अनिकेत म्हणाला ते बरोबर होतं. ओळीत काठीसारखे एक उभे होते, एकाशेजारी एक, तीन वर्षांचे.

शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक एकासाठी एक शब्द होता. मोहरी. मोहरी. मोहरी. पहिलं सबंध वर्ष मोहरी. दुसऱ्या वर्षी कधीतरी ज्वारी सुरू झाली आणि शेवटपर्यंत ज्वारी राहिली. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात तूर, मग हरभरा, मग शेंगदाणा.

“हे बघा,” तिनं दत्तात्रयपुढे कागद धरला.

त्यानं चष्मा वर करून वाचलं. “किराणा आहे.”

“किराणा?”

“तूच सांगायचीस ना, येताना इतवाऱ्याच्या बाजारातून आण म्हणून. शेवटी आणायचा नाही, लिहून मात्र ठेवायचा.” आणि त्यानं एकदम चष्मा खाली ओढला, कारण त्याला हसू आलं होतं आणि हसू आल्याचा त्याला राग आला.

वंदना शेवटच्या तक्त्यापाशी आली. तो सोमवार. पाऊस नव्हता, ढग नव्हते, तरी बाकी सगळ्या ओळी शून्य. आठ ते नऊ, एक, शेंगदाणा. नऊ ते दहा, एक, सुपारी. दहा ते अकरा, एक, आवळा. अकरा ते बारा, एक. त्यापुढे रकाना कोरा.

कागदाच्या पाठीवर चेतनच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती. ‘तीन वर्षं तीच दिशा, तीच उंची. जागचा हलत नाही.’

त्या रात्री झोप येईपर्यंत तिला सातवीच्या पुस्तकातली आगगाड्यांची उदाहरणं आठवत राहिली. रुळांच्या बाजूला उभं राहिलं तर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना दिसते. रुळांच्या मधोमध उभं राहिलं तर गाडी सरकत नाही. जागच्या जागी मोठी होते.

५

सुट्टी असल्यानं ती रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी गेली. बसमधून उतरताना तिनं भिकनला फोन केला होता. तो नाही म्हणाला नाही. तिला तो कधीच नाही म्हणत नसे.

“लाभ,” आठ वाजता तो म्हणाला.

“बाबा, कशाचा लाभ?”

“काऊन?”

“आभाळात काहीच नाहीये. देवाचं नाव म्हणून म्हणता ना?”

भिकनला ते लागलं. त्यानं काठी आडवी करून मांडीवर घेतली. “देवाचं माप शेवटी टाकतात, मास्तरीणबाई, रास उठल्यावर. लाभ म्हंजे मोजलेलं. पायली भरल्याबिगर मी जन्मात कधी लाभ म्हटलं नाही. मंडीत जाऊन विचारा. खोटं माप केलं असतं तर चाळीस वर्सं ठेवलं असतं का मले कोणी?”

“मग मला दाखवा.”

“तुमी लिहून घ्या ना. पाहाचं काय त्यात?”

“दाखवा, बाबा.”

तो बराच वेळ काठीच्या टोकानं खडकावर रेघ ओढत राहिला. मग मान वर न करता त्यानं काठी उचलली. “त्या दोन रांगा जिथं मिळून राहिल्या ना, तिथून वर. दोन बोटं.”

वंदनानं दुर्बीण लावली. निळं होतं. मग निळ्यात एक ठिपका होता.

काचेवर काही असेल म्हणून तिनं दुर्बीण पुसली. ठिपका तिथंच. दुर्बीण डावीकडे नेली तर तो काचेबरोबर सरकला नाही, आभाळातच राहिला. डोळ्यात काही असेल म्हणून एक डोळा मिटला, मग दुसरा. पतंग असेल; पण दोरी धरायला त्या जंगलात कोण? एखादा फुगा असेल. पण वारा सुटला होता आणि खालच्या सागाची पानं उलटी होत होती. ठिपका हलला नाही.

“केवढा दिसून राहिला?” भिकननं विचारलं. तो पायाशी पाहत होता.

“तुरीएवढा,” ती म्हणाली आणि आपण हे काय बोललो ते तिला कळलं.

“हाव. तूर.”

“मी आले त्या पहिल्या रविवारी?”

“मोहरी.”

चेतनला मोहरीपासून तुरीपर्यंत यायला दोन वर्षं लागली होती. तिला दीड महिना.

“मी म्हटलं होतं तुमाले,” भिकन म्हणाला, “पहिल्याच दिवशी. नका येत जाऊ, हा डोंगर चांगला नाही म्हणून.”

“मला वाटलं, बाईमाणूस म्हणून म्हणताय.”

“बाईमाणूस!” तो कडवट हसला. “माझी घरवाली मालू एकटी जंगलातून मोळ्या आणे. बाईमाणसाचं काय सांगून राहिल्या मले.”

साडेनऊला ससाण्यांचा मोठा थवा आला. शंभरावर होते. भिकनचा आवाज मंडीतला झाला. तो न अडखळता आकडे टाकत होता आणि वंदना रेघा मारत होती. थवा वर चढला, पसरला, दक्षिणेकडे वळला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की सगळ्या थव्यात एक भोक आहे. पक्षी त्या दोन बोटांच्या जागेपाशी येत, तेवढी जागा सोडून दोन्ही बाजूंनी जात आणि पुढे पुन्हा मिळत. नदीतल्या दगडाला पाणी वळसा घालतं तसे.

“एकशे अठरा,” भिकन म्हणाला. “लिहा.”

तिनं एकशे अठरा लिहिलं. वजा काही केलं नाही. त्यातला एक तिनं अनोळखीच्या ओळीत लिहिला आणि समोर शेऱ्यात, आपल्या वळणदार अक्षरात, ‘तूर’.

मग तिला रडू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आलेलं हे रडू चांगलं होतं. पोरगा शहाणा होता. जे होतं तेच लिहीत होता. तिनं तिथूनच अनिकेतला निरोप पाठवला, ‘चेतनचे आकडे बरोबर आहेत. मी स्वतः पाहिलं. काढू नकोस.’

६

इथंच तिनं थांबायला हवं होतं. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं: मुलगा वेडा नव्हता, म्हणजे पाय घसरला.

पण ‘म्हणजे’ हा शब्द तिला घरी स्वस्थ बसू देईना. वर्गात एखाद्या मुलानं मधली पायरी गाळून उत्तर लिहिलं तर ती पूर्ण गुण देत नसे. अकरा ते बाराच्या तासात शेऱ्याचा रकाना कोरा होता. तेवढी पायरी राहिली होती.

ती रोज जायला लागली. हरभरा झाला. दोन दिवसांनी शेंगदाणा. घरी ती भाजीला फोडणी देताना खिडकीतून उत्तरेकडे बघायची. शहरातून डोंगर दिसत नसे, समोरच्या लूमच्या कारखान्याची पत्र्याची भिंत दिसायची. त्या भिंतीवर दोन बोटं मोजायची. दत्तात्रयनं एकदा तिला तसं उभं पाहिलं.

“काय मोजतेस?”

“काही नाही.”

“पोरासाठी एवढी कधी थांबली नाहीस खिडकीत,” तो म्हणाला आणि पाणी न पिताच बाहेर गेला.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सोमवार होता. दिवस अगदी स्वच्छ होता. आठ वाजता लाभ. नऊ वाजता लाभ. दहा वाजता लाभ. त्याखेरीज एक शब्द नाही, कारण दुसरा एकही पक्षी आला नाही. घारी नाहीत, कावळे नाहीत. खालच्या बागांमध्ये एरवी पाण्याचे पंप ऐकू यायचे, तेही नव्हते.

“सुपारी,” वंदना दहाला म्हणाली.

“आपून खाली जाऊ,” भिकन म्हणाला. “मोजणी झाली, मास्तरीणबाई. यंदाचा माल संपला. मी सांगतो ना, संपला.”

“अकराचा तास राहिलाय.”

“त्या पोरानंबी असंच म्हटलं होतं.”

तिनं पेन खाली ठेवलं. तो अजून कडेच्या दगडावरच बसला होता, तिच्या आणि दरीच्या मधे, पाठ दरीकडे करून. आता तिला कळलं की तो पहिल्या दिवसापासून असाच बसत होता. पुढचं आभाळ तिला दिसे. तो डोक्यावरून दक्षिणेला जाणारे पक्षी मोजे, आणि मागचं आभाळ मान वळवून, क्षणभरच, तासाला एकदा बघे.

७

अकरा वाजता भिकननं मान वळवली आणि परत खाली घातली. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही.

वंदनानं दुर्बीण उचलली. आता शोधावं लागलं नाही.

त्याला पंख नव्हते. खालच्या बाजूला एक काठ होता आणि तो वाऱ्यावर हलत होता, बाकी काही हलत नव्हतं. काठ किरमिजी होता. त्याच्या वरचं पांढरं होतं. सोमवारी शाळेत सगळ्या शिक्षिकांना तीच साडी नेसावी लागे, पांढरी, किरमिजी काठाची. सुट्टी होती म्हणून आज तिची कपाटात घडी घालून होती. निऱ्यांपर्यंत तिनं पाहिलं. कमरेला खोचलेला पदर पाहिला. ती स्वतः डावीकडे खोचते, तसा डावीकडे. दुर्बीण आणखी वर न्यायची होती. तिचे हात वर गेले नाहीत.

तिनं दुर्बीण मांडीवर ठेवली आणि तिच्या काचेवर झाकण लावलं.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज साधा निघाला. “तुम्ही पोलिसांना सांगितलंत, मान खाली होती म्हणून.”

“हाव. होती. पण मंग घातली. आधी पाहिलं मी.”

“त्यानं उडी मारली?”

दोन वर्षं जे विचारायचं होतं ते इतक्या थोड्या शब्दांत मावलं.

“नाही हो माय!” भिकन कळवळला. “उडी कशाले मारंल तो? लेकराचं मन कसं आभाळासारखं. आदल्या आठ दिवसांत तेवढा गप गप होता. मी विचारलं, काय झालं रे? तर म्हणे, घरी कोणी बोलत नाही बाबा माझ्याशी.” त्यानं नाक पुसलं. “मंग अकरा वाजून गेले, अन् त्याले हाक आली.”

“हाक?”

“नावानं. ‘चेतन, चल घरी. झालं गेलं.’ असं. दरीकडून. मायेनं अगदी. त्यानं मान वर केली अन् हसला. वही ठेवली, पेनाचं टोपण लावलं, कपडे झटकले. तीन वर्सांत मी त्याले तसा हसताना पाहिला नव्हता.”

वंदनाला त्या सोमवारचा अकराचा तास आठवला. सातवी ब. ती फळ्यावर काळ-काम-वेगाचं उदाहरण लिहीत होती.

“कोण होतं, बाबा?”

भिकननं सात आठवड्यांत पहिल्यांदा मान वर करून सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. भीतीनं पाहावं तसं नव्हे. एखाद्या मापाची खात्री करून घ्यावी तसं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“संध्याकाळी तुमी पोलिसांसंगं आल्या,” तो म्हणाला. “हाक मारणारीची होती तीच साडी. पण तुमी खालच्या वाटेनं वर आल्या, धापा टाकत. तवा मले समजलं. त्याच्याआधी कसं समजंल? तुमीच सांगा. लेकराची माय त्याले न्याले आली, आठ दिवसांचा राग टाकून आली, अन् मी मधी बसून राहू? मी त्याले अडवलं नाही. मी तुमाले वाट दिली.”

वंदनानं त्याच्या दगडाकडे पाहिलं.

“असा,” तो म्हणाला. तिला नीट समजावं म्हणून त्यानं काठी टेकली आणि मान खाली घालून तो दगडावरून बाजूला सरकला. तिच्या आणि दरीच्या मधे, पलीकडून एक माणूस येईल एवढी जागा झाली.